जीर्ण वस्त्राचा उत्तरप्रवास : वाकळ, कंथा आणि उतरन

१.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील वस्त्राचा दृष्टान्त भारतीय भाषांतील साहित्याच्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यामागील एक गृहीत सहसा ध्यानात येत नाही. माणूस जुनी वस्त्रे टाकून नवी धारण करतो, तसा आत्मा जीर्ण देह टाकून नवा धारण करतो, असा हा दृष्टान्त. ज्ञानेश्वरीपासून (१२९०) पुढे मराठीत त्यावर विपुल भाष्य झाले. मात्र टाकलेल्या वस्त्राचे पुढे काय होते, हा प्रश्न या परंपरेत उद्भवत नाही. दृष्टान्ताच्या प्रयोजनाला त्याची गरजही नव्हती.

हा प्रश्न बौद्ध विनयपिटकात मात्र स्पष्टपणे विचारलेला आढळतो. चुल्लवग्गातील कथेनुसार कोसंबीचा राजा उदेन याच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे उत्तरीये दान दिली. एका भिक्षूला इतकी वस्त्रे कशाला हवीत, त्याला कापडाचा व्यापार मांडावयाचा आहे की काय, अशी शंका राजाला आली. तेव्हा आनंदाने वस्त्रांचा पुढील सारा हिशेब मांडला. नवी वस्त्रे ज्यांची चीवरे विरली आहेत अशा भिक्षूंना मिळतील; विरलेल्या चीवरांची आच्छादने होतील; आच्छादने जुनी झाली की त्यांचे गाद्यांचे अभ्रे, अभ्र्यांची जमिनीवरील अंथरुणे, अंथरुणांची पायपुसणी आणि पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी होतील; अखेरीस त्या फडक्यांचे तुकडे करून ते मातीत कालवून जमीन सारवली जाईल. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

वस्त्राच्या काटकसरीचे इतके क्रमबद्ध वर्णन प्राचीन वाङ्मयात विरळा. तथापि या कथेचा आणखी एक विशेष नोंदवला पाहिजे. येथे वस्त्र जीर्ण होत जाते, पण ते वापरणाऱ्याचा दर्जा उतरत नाही. चीवर पांघरणारा भिक्षू आणि सारवलेल्या जमिनीवर बसणारा भिक्षू एकाच संघाचे घटक आहेत. संघाबाहेरच्या समाजात मात्र वस्त्र एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाताना जात, वर्ग आणि लिंग यांच्या पायऱ्या उतरत जाते. जीर्ण वस्त्राला अर्थ प्राप्त होतो तो ते कोणी कोणाला दिले आणि घेणाऱ्याला ते नाकारण्याची कितपत मुभा होती, यावरून. प्रस्तुत निबंधात हे सूत्र मराठी, बंगाली व उर्दू साहित्यातील आणि सामाजिक इतिहासातील काही उदाहरणांच्या आधारे तपासले आहे.

२.

मराठी मुलखात गोधडी किंवा वाकळ, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी: जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने शिवण्याची ही रीत देशभर आढळते. तिच्यामागील व्यवहार साधा आहे. सुती लुगडे किंवा धोतर वर्षानुवर्षांच्या धुण्याने विरते, पण त्याच धुण्याने मऊही होते. म्हणून नवजात बाळासाठी नव्या खरखरीत कापडापेक्षा जुन्या लुगड्याचे दुपटे अधिक योग्य. एकेकटा थर टिकत नाही, पाच-सहा थर एकत्र शिवले की टिकतात. बंगालमधील जुन्या कांथांत तर शिवणीचा रंगीत दोराही बहुधा जुन्या साडीच्या काठातून काढलेला असे. बाजारातून विकत आणावे लागे ते फार तर सुईपुरते.

या वस्तूला साहित्यात दोन भिन्न परंपरांनी स्थान दिले. एक वैराग्याची. संस्कृतातील ‘कंथा’ भर्तृहरीच्या वैराग्यशतकात विरक्ताचे चिन्ह म्हणून येते. दुसरी ममतेची. जसीमुद्दीन यांच्या ‘नक्शी काँथार माठ’ (१९२९) या बंगाली काव्यात नायिका आपल्या आयुष्याची कथा कांथेवर भरते आणि ती आपल्या कबरीवर अंथरावी अशी इच्छा व्यक्त करते. पहिल्या परंपरेत चिंध्या नात्यांचा त्याग सुचवतात, दुसरीत त्या नात्यांना शिवून ठेवतात.

या दोन्ही परंपरांच्या सीमेवर उभ्या असलेल्या दोन भक्तिकथा एकत्र वाचणे उद्बोधक ठरते. कृष्णदास कविराजांच्या ‘चैतन्यचरितामृत’ या ग्रंथात सनातन गोस्वामींची कथा आहे. गौडचा सुलतान हुसेन शाह याच्या दरबारातील हा उच्चाधिकारी पद सोडून काशीस चैतन्यांपाशी येतो. नवे वस्त्र देऊ केले असता तो ते नाकारून जुने मागून घेतो. परंतु मेहुण्याने दिलेली उंची भोट कांबळ त्याच्या खांद्यावर असतेच आणि चैतन्यांची दृष्टी पुनःपुन्हा तिच्याकडे वळते. सनातन काय ते समजतो. गंगेच्या काठी एक गौडदेशीय मनुष्य आपली कंथा वाळत घालीत असतो. सनातन त्याला कांबळ देऊन कंथा मागतो. त्या मनुष्याला प्रथम ही आपली थट्टाच वाटते.

महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) जनाबाईची कथा याच्या नेमकी उलट बाजूने येते. विठ्ठल जनीच्या झोपडीत येतो आणि जाताना चुकून तिची वाकळ पांघरून जातो. त्याचा शेला आणि पदक तिच्याकडे राहते. सकाळी देवाच्या अंगावर वाकळ आढळते आणि पदकाचा शोध सुरू होतो. चोरीचा आळ जनीवर येतो, तिला सुळाकडे नेले जाते आणि अखेर सुळाचे पाणी होऊन ती वाचते.

दोन्ही कथांत उंची वस्त्राच्या जागी चिंध्यांचे पांघरूण येते आणि दोन्ही कथा भक्तीचा महिमा सांगतात. पण त्यांतील सामाजिक तपशील वेगळेच काही सांगतो. प्रतिष्ठिताने कंथा पांघरली की ते वैराग्य ठरते. दासीच्या घरी शेला सापडला की ती चोरी ठरते. गंगेकाठच्या त्या अनाम मनुष्याला झालेला संशयही याच अनुभवातून आलेला आहे. मोठ्याने आपले चांगले वस्त्र देऊन आपल्या चिंध्या मागाव्यात, हे त्याच्या व्यवहारात बसत नव्हते. चमत्काराने जनी वाचली. तिच्यावर आळ घेणारी व्यवस्था मात्र कथेअखेर तशीच उभी राहते.

३.

ही व्यवस्था धर्मशास्त्राने शब्दबद्ध केली होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात मृतांची वस्त्रे हा चांडाळांचा पोशाख म्हणून सांगितला आहे, तर सेवक शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे विधान आहे. महाराष्ट्रातील गावगाड्यात प्रेतावरील वस्त्र हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. येथे ‘हक्क’ या शब्दाचा अर्थच उलटा झाला आहे, कारण हा हक्क सोडून देण्याचे स्वातंत्र्य घेणाऱ्याला नव्हते. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाने या व्यवस्थेचा अनुभव मराठी साहित्याच्या केंद्रस्थानी आणला. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या पुस्तकातील एक तपशील याहून सूक्ष्म आहे. महार स्त्रीने लुगडे नेसताना त्याचे काठ दिसू नयेत अशा रीतीने ते निऱ्यांत दडवावे लागत, कारण काठ मिरवणे हा वरच्या जातींतील स्त्रियांचा अधिकार होता. वस्त्र स्वतःचे असले तरी त्याची शोभा स्वतःची नव्हती.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९२७ मधील महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना केलेला उपदेश वस्त्राच्या इतिहासात मोलाचा ठरतो. लुगडे वरच्या वर्गातील स्त्रियांप्रमाणे नेसावे, त्याला काही खर्च येत नाही. वस्त्र फाटके असले तरी ते स्वच्छ असावे, असे त्यांनी सांगितले. नवे कापड घेण्याची ऐपत नसलेल्या समाजाला बिनखर्चाचा वेशपालट सुचवणारा हा विचार होता. तेच लुगडे, तोच धागा. बदलली ती केवळ नेसण्याची पद्धत. याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले होते. ग्रंथाचे दहन आणि निऱ्यांतून काठ बाहेर काढणे या दोन कृती एकाच युक्तिवादाची दोन अंगे होत.

येथे विनयपिटकाशी एक तुलना अपरिहार्य होते. भिक्षूचे ‘पांसुकूल’ चीवर हे उकिरड्यावरून वा स्मशानातून उचललेल्या चिंध्यांचे असे आणि ते अपरिग्रहाचे उच्च प्रतीक मानले जाई. स्मशान तेच, कापड तेच. परंतु भिक्षूने ते निवडले होते आणि महारावर ते लादले गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा ते शुभ्र स्वच्छ वस्त्रांत आले होते. श्वेत वस्त्र हे उपासकाचे पारंपरिक चिन्ह आहेच. पण पिढ्यान्‌पिढ्या मृतांची वस्त्रे वापरावी लागलेल्या समाजाच्या अंगावर त्याला आणखी एक अर्थ प्राप्त झाला.

गाडगे महाराजांचे (१८७६-१९५६) उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. परीट समाजात, म्हणजे इतरांची वस्त्रे धुणाऱ्या समाजात जन्मलेल्या या लोकसंताने चिंध्यांचे वस्त्र स्वतः निवडले आणि ‘गोधडे महाराज’ हे नाव मिरवले. ज्या वेशामुळे गरिबाला हाकलले जाई, तोच वेश धारण करून त्यांनी गावे झाडली आणि ऐकणाऱ्यांना प्रश्न विचारले.

उर्दूत या अनुभवाचे तीव्रतम रूप वाजिदा तबस्सुम यांच्या ‘उतरन’ या कथेत आढळते. लेखिकेचा जन्म अमरावतीचा (१९३५), कथेचे वातावरण मात्र हैदराबादच्या नवाबी हवेलीचे. दाईची मुलगी चमकी शहजादी पाशाचे उतरलेले कपडे वापरतच वाढते. पाशाच्या विवाहाच्या आदल्या रात्री ती नियोजित वराला आपलासा करते आणि आता जन्मभर माझे उतरलेले तू वापरशील, असे तिला सुनावते. येथे मनुष्यच वस्त्राच्या जागी येतो. चमकीचा सूड नीतीच्या मापाने मोजता येईल. पण तिने वापरलेले तर्कशास्त्र हवेलीनेच तिला शिकवलेले आहे.

४.

जुने वस्त्र गरिबाला द्यावे की नाही, हा प्रश्न १९२१ मध्ये राष्ट्रीय वादाचा विषय झाला. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे परदेशी कापडाची मोठी होळी झाली. चार्ल्स फ्रीअर अँड्रूज यांना ही होळी रुचली नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनीही, वस्त्रावाचून कुडकुडणाऱ्या देशात कापड जाळण्याचा अधिकार कोणाला, अशा आशयाचा आक्षेप घेतला. गांधीजींनी ऑक्टोबरमध्ये दिलेल्या उत्तराचा गाभा असा : भुकेल्या माणसाला काम हवे आहे, त्याला उतरलेले कपडे देणे हा त्याचा अपमान आहे. सप्टेंबरमध्ये मदुराई येथे त्यांनी स्वतः पंचा स्वीकारला होता.

रवींद्रनाथांचा आक्षेप वस्त्राच्या उपयोगाविषयी आहे, गांधीजींचे उत्तर वस्त्र देण्याच्या नात्याविषयी. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि म्हणूनच हा वाद मिटलेला नाही. उघड्या अंगाला कापडाची ऊब खरीच असते. आणि ती कोणाच्या उपकाराची आहे, ही जाणीवही तितकीच खरी असते. महाडचे भाषण या वादानंतर सहा वर्षांनी झाले. तेथे बोलणारा दात्यांना उद्देशून बोलत नव्हता. आजवर ज्यांच्या पदरात जुने वस्त्र पडत आले, त्यांच्याशीच त्याचा संवाद होता.

५.

दान आणि लादणूक यांखेरीज जीर्ण वस्त्राचा तिसरा मार्ग आहे, तो विनिमयाचा. मराठी शहरांतील बोहारीण ही त्याची परिचित प्रतिनिधी. जुने कपडे घेऊन त्यांवर भांडी देणाऱ्या या स्त्रिया बहुतांशी मूळच्या गुजरातेतील वाघरी समाजाच्या. या व्यवहारात घासाघीस हाच मुख्य संस्कार असतो. गृहिणी पातेल्यावर बोट ठेवते, बोहारीण साडी उजेडात धरून विरलेली जागा दाखवते, आणखी एक विजार मागते, उठून जाण्याचा आविर्भाव करते. वरवर पाहता ही काही रुपयांची ओढाताण. पण घेणारी व्यक्ती देणारीच्या वस्तूत दोष काढू शकते, असा हा जीर्ण वस्त्राचा क्वचित आढळणारा प्रसंग आहे. ज्याला दान मिळते त्याला भोक दाखवता येत नाही.

दिल्लीच्या रघुबीरनगरातील पहाटेच्या बाजारात अशा फेऱ्यांतून जमलेले कपडे विक्रीस येत आले आहेत. मानवशास्त्रज्ञ ल्यूसी नॉरिस यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या व्यापाराचा सविस्तर अभ्यास केला आहे. चांगले कपडे दुरुस्त होऊन कष्टकऱ्यांच्या अंगावर जातात, फाटक्या सुती कापडाची यंत्रे पुसण्याची फडकी होतात. आनंदाने उदेन राजाला सांगितलेली साखळी येथे जवळजवळ जशीच्या तशी दिसते. फरक इतकाच, की प्रत्येक पायरीवर मालक बदलतो.

पानिपत येथे ही साखळी जागतिक होते. पाश्चात्त्य देशांतून आलेले लोकरीचे जुने कपडे तेथे कापून, रंगांनुसार निवडून, पिंजून पुन्हा सूत काढले जाते आणि त्याच्या घोंगड्या विणल्या जातात. मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ (२०१२) या माहितीपटात हे काम करणाऱ्या स्त्रिया त्या कपड्यांच्या मूळ मालकिणींविषयी तर्क करतात : तिकडे पाणी महाग असावे, म्हणून धुण्याऐवजी कपडे टाकून देत असतील. उतरलेले वस्त्र हाताळणारी व्यक्ती येथे वस्त्र उतरवणारीचे वर्णन करते, ही या संहितेतील लक्षणीय बाब होय.

१९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी दिल्लीत स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने खेड्यांतील विहीर, रस्ता, बांध अशा सामूहिक कामांचा मोबदला म्हणून शहरांतील वापरलेले कपडे देण्याची पद्धत रुजवली. गांधीजींच्या आणि रवींद्रनाथांच्या भूमिकांना एकत्र आणण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल. आपल्या कामाचा मोबदला कापडात मिळावा की पैशात, हे ठरवण्यात घेणाऱ्याचा वाटा किती, या कसोटीवर तोही तपासला जाणे योग्य.

६.

अलीकडे गोधडी आणि कांथा यांचा गौरव पर्यावरणनिष्ठ जीवनशैलीचा वारसा म्हणून होतो. संग्रहालयांत आणि श्रीमंत दालनांत त्यांना स्थान मिळाले आहे. हा गौरव अस्थानी नाही. परंतु ज्या सुईने आजीची माया शिवली, तिच्याच गावात कोणाला तरी प्रेतावरचे वस्त्र घ्यावे लागत होते, ही स्मृती त्या गौरवातून गळून पडते. काटकसर हा सद्गुण ठरण्यासाठी उधळपट्टी करण्याची निदान शक्यता असावी लागते. ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता, त्याच्या अभावाला काटकसर म्हणणे ही भाषेची चूक आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक व्यवहार्य पद्धती हाती लागते. संहितेत जुने वस्त्र आले, की ते कोणाच्या अंगावरून आले, कोणाच्या हातून आले आणि घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता आले असते काय, हे तीन प्रश्न विचारावेत. सनातनाची कंथा, जनीची वाकळ, चमकीची उतरन आणि बोहारणीचे गाठोडे यांत कापडाचा फरक थोडा आहे. फरक आहे तो या तीन प्रश्नांच्या उत्तरांत, आणि भारतीय साहित्यातील वस्त्राचा इतिहास त्या उत्तरांतूनच लिहिला जावा लागेल.