कैचीतली तिरपी लाकडे

कौलारू छपराखाली दोन तिरपे वासे, त्यांचे पाय बांधून ठेवणारी तुळई आणि मधला उभा खांब यांची जी त्रिकोणी चौकट असते, तिला सुतार कैची म्हणतात. छपराच्या भाराने बाहेर सरकू पाहणारे वाशांचे पाय तुळई ताणून धरते, त्यामुळे भिंतींवर सरळ खाली जाणारा भारच तेवढा येतो. मात्र कैचीचे हे बळ घराच्या रुंदीपुरतेच असते. घराच्या लांबीकडून वारा रेटू लागला की कैच्यांची सगळी रांग एका अंगाला कलू शकते, कारण आढे आणि रिपा दोन कैच्यांमधले अंतर राखतात, कोन राखत नाहीत. कर्णावर पट्टी न मारलेली फळ्यांची चौकट जशी खिळ्यांभोवती फिरून तिरकी होते, तसाच हा प्रकार आहे.

इंग्लंडमधील मध्ययुगीन सुतारांना हे अनुभवाने उमगले असावे; तिथल्या सुरुवातीच्या कित्येक छपरांत वाशांच्या नुसत्या जोड्या ओळीने उभ्या असत आणि ती छपरे कलत, तर पुढच्या शतकांत वाशांच्या पाखीत वाकडी लाकडे बसू लागली, ज्यांना तिकडे वाऱ्याचे टेकूच म्हणतात.

कोकणातील जुन्या चौपाखी घराला वेगळ्या टेकूंची फारशी गरज नव्हती, कारण चारही कोपऱ्यांतून आढ्याच्या टोकांकडे चढणारे कोनवासे छपराला दोन्ही दिशांनी आवळून धरत. बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही साच्यातली कौले शाळा, गोदामे, रेल्वे स्थानके अशा लांबलचक, बहुधा दुपाखी इमारतींवर चढली. तिथे कोनवासे नसल्याने कैच्यांमधली तिरपी लाकडे अपरिहार्य ठरली. एका कैचीच्या उभ्या खांबाच्या पायापासून शेजारच्या खांबाच्या माथ्यापर्यंत जाणारे असे लाकूड रोजचा भार मुळीच पेलत नाही, आणि म्हणूनच माळ्यावर जागा करताना त्याच्यावरच प्रथम करवत चालते. काढल्या दिवशी काहीच बिघडत नाही. पुढे कैच्या हळूहळू कलतात, रिपांवरची कौले खोबणीतून सरकतात आणि पावसाळ्यात गळती नेमकी त्या फटींतून सुरू होते.