गोदी मुंबईत, साग मलबारात

कारखान्याचा इतिहास सांगताना आपण कारागिरांविषयी बोलतो. कच्चा माल कुठून आला हे सहसा विचारत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही तरंगते आहे. तिचे सागवान मलबारच्या जंगलातले.

ते कमी पडेल या भीतीने १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांना तेथे वनसंरक्षक नेमण्यात आले. पण कंपनीने जपली ती लाकडावरची मक्तेदारी. जंगलमालक व व्यापारी नाराज झाले. १८२३ साली ते पद रद्द झाले आणि बेसुमार तोड पुन्हा सुरू झाली.

पुढे १८४०च्या दशकात कलेक्टर कोनोली यांनी निलंबूरला सागाची लागवड सुरू केली. प्रथम बी नीट रुजेना. चातू मेनन यांनी रोपे वाढवून दाखवली. मात्र साग तयार व्हायला साठेक वर्षे लागतात. ही झाडे भरात आली तोवर युद्धनौका पोलादाच्या झाल्या होत्या.

टंचाई दिसू लागल्यावर केलेली लागवड ज्या उद्योगासाठी होती, त्याच्या कामी आली नाही. सागाची निदान पुन्हा लागवड करता येते. पोलादासाठी लागणाऱ्या खनिजाची तीही सोय नाही.