पळसदरी शोधताना

पळसदरीबद्दल बोलायचं, तर आधी तिला कागदांत शोधूया. १२ मे १८५६ रोजी जीआयपी रेल्वे इथून पुढे खोपोलीपर्यंत पोचली. पण त्या काळच्या इंग्रजी नोंदींत स्पेलिंग आहे 'पडसधरी'. आणि खोपोली? 'कॅम्पूली'! १८६३ मध्ये बोरघाटाची रेल्वे सुरू होईपर्यंत माणसं तिथून पालखीनं, तट्टावरून घाट चढायची.

जिल्ह्याचं तर विचारूच नका. कर्जत १८९१ पर्यंत ठाण्यात, मग कुलाब्यात. आणि कुलाब्याचा रायगड झाला १९८१ मध्ये.

जाणता दफ्तरदार हे सगळं मनात धरूनच रुमाल सोडतो. आता समजा, अशा कागदांच्या सूचीवर एआय एजंट बसवला. त्याच्या हाती काय असतं? शोधाचं साधन, आणि त्या साधनाचं दोन-चार ओळींचं वर्णन. 'जिल्ह्यानुसार नोंदी शोधते' एवढंच लिहिलं, तर तो 'रायगड' टाकणार, शून्य मिळणार आणि बिनदिक्कत सांगणार, १८५६ चे कागद नाहीत!

म्हणून वर्णनात लिहायचं: जिल्हा म्हणजे कागद झाला तेव्हाचा. गावाचं नाव मूळ स्पेलिंगनंच जुळतं, जुनी रूपंही घालून बघा. शून्य म्हणजे 'या शब्दांनी सापडलं नाही', इतकंच. आणि साधन नोंद नुसती वाचतं की बदलतंही, हे तर पहिल्याच ओळीत हवं. नाहीतर एखादा अतिशहाणा एजंट 'पडसधरी' चूक समजून दुरुस्त करेल, आणि मूळ कागदावर काय लिहिलं होतं ते सूचीतून पुसलं जाईल.