परदेशस्थ रुग्ण आणि दाताचे क्ष-किरणचित्र : खराडीच्या निमित्ताने

पुणे शहराच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या डाव्या तीरावर वसलेले खराडी हे गाव १९९७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आले. पुढील पंधरा-वीस वर्षांत त्याचे स्वरूप इतके पालटले की, नगर रस्त्याने क्वचित जाणाऱ्या जुन्या पुणेकरास ते ओळखू येऊ नये. शेतजमिनींच्या जागी संगणक-व्यवसायाच्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या आश्रयाने नवी लोकवस्ती आली. ह्या वस्तीचा परदेशाशी जो संबंध आहे तो मराठी स्थलांतराच्या पूर्वीच्या प्रकारांहून निराळा आहे. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला जाऊन तेथे स्थिरावलेल्या मराठी मजुरांचे वंशज मॉरिशसचेच झाले. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्यानंतर तिकडे गेलेले डॉक्टर आणि इंजिनियर बहुतांशी तेथील नागरिक झाले. खराडीचा संगणक-अभियंता मात्र जातो, परततो आणि पुन्हा जातो. त्याच्या मागोमाग त्याचे आईवडीलही नातवंडांसाठी सहा-सहा महिने जाऊन येतात. ह्या येण्याजाण्याचा आर्थिक आणि सामाजिक अभ्यास पुष्कळ झाला आहे. त्याच्या एका लहानशा अंगाकडे, म्हणजे ह्या माणसांच्या दातांकडे, इतिहासाच्या अभ्यासकाने पाहावे असे कोणास सहसा वाटलेले नाही. वस्तुतः राज्यसंस्थेने माणसाच्या शरीराचा कोणता भाग आपल्या जबाबदारीत घेतला आणि कोणता बाहेर ठेवला, ह्याचा विचार करू लागल्यास दातांइतके बोलके उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा दंतचिकित्सा तीत विनामूल्य अंतर्भूत होती. मागणी इतकी अनपेक्षित निघाली की, तीन वर्षांच्या आतच कवळ्या आणि चष्मे ह्यांवर शुल्क बसविण्याचे ठरले. त्याच प्रश्नावर एप्रिल १९५१ मध्ये ह्या सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडले, आणि १९५२ पासून इतर दंतोपचारांवरही शुल्क आले. अमेरिकेने १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर योजना केली, तीतून नेहमीची दंतचिकित्सा वगळली. कॅनडाच्या १९८४ च्या आरोग्य-कायद्याने रुग्णालयात कराव्या लागणाऱ्या दंतशस्त्रक्रियेपलीकडे प्रांतांवर जबाबदारी टाकली नाही. मर्यादित उत्पन्नाच्या लोकांसाठी तेथे राष्ट्रीय दंतयोजना सुरू होण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडला. नोकरीबरोबर मिळणाऱ्या अमेरिकन दंतविम्यास बहुधा वार्षिक कमाल मर्यादा असते, आणि एका दाढेचा मूळनलिका-उपचार व तीवरील टोपी एवढ्यात ती संपू शकते. दात दुखत असूनही ‘आता डिसेंबरात पुण्याला गेल्यावरच दाखवू’ असे म्हणणारा मनुष्य कंजूष नसतो. तो ह्या पाऊणशे वर्षांच्या धोरणेतिहासाचा वारस असतो.

परंतु दात आणि रजा ह्यांची गणिते जुळत नाहीत. रजा तीन-चार आठवड्यांची. मुळाशी पू धरलेल्या दाढेचा उपचार एवढ्या अवधीत पुरा होतो खरा, पण तो यशस्वी झाला की नाही हे तेव्हा कळत नाही. हाडात पडलेली पोकळी भरून येते आहे किंवा कसे, हे किमान वर्षाने काढलेल्या क्ष-किरणचित्रावरून ठरवावे लागते. शंका राहिल्यास चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे, असा युरोपातील तज्ज्ञांच्या संस्थेचा दंडक आहे. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क ह्यांनी १९६५ साली प्रथम मनुष्याच्या जबड्यात बसविलेल्या धातूच्या कृत्रिम मुळाची गोष्ट तशीच. त्याचा हाडाशी सांधा जुळण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात आणि मगच त्यावर दात चढवावयाचा. आता ह्याच्या शेजारी अमेरिकेचा कामगार-परवाना ठेवून पाहावा. १९९० च्या कायद्याने निर्माण झालेला हा परवाना प्रथम तीन वर्षांचा आणि वाढवून सामान्यतः सहा वर्षांचा असतो. म्हणजे खराडीत सुरू झालेल्या उपचाराचा निकाल न्यू जर्सीत लागावयाचा आणि न्यू जर्सीत उद्भवलेल्या दुखण्याची चिकित्सा खराडीत व्हावयाची, हा अपवाद नसून ह्या जीवनक्रमाचा नियमच आहे. दोन देशांतील दोन दंतवैद्य, ज्यांची आयुष्यात कधी गाठ पडणार नाही, त्यांच्यामध्ये दुवा कोणता, हा खरा प्रश्न आहे.

हा दुवा क्ष-किरणचित्राचा असू शकतो, हे आज उघड वाटते. पण चित्राच्या अंगी ती योग्यता शंभर वर्षांनी आली. राँटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला, आणि अवघ्या काही आठवड्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइगच्या ओटो वाल्कहोफ ह्याने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी काचेची पट्टी तोंडात धरून त्याला पंचवीस मिनिटे निश्चल राहावे लागले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्सने त्याच वर्षी हे काम हाती घेतले. किरणांखाली वर्षानुवर्षे स्वतःचा हात धरल्यामुळे त्याची बोटे आणि पुढे तो हातच गेला, आणि १९२८ साली त्याने आपले जीवन संपविले. १९१३ साली कूलिजची नवी नलिका आणि कोडॅकची वेष्टनबद्ध फिल्म ही दोन्ही आली, तेव्हा ही विद्या सर्वसाधारण दंतवैद्याच्या आवाक्यात येऊ लागली. त्यानंतर सुमारे पाऊण शतक तोंडात ठेवावयाची ती लहानशी फिल्म, प्रौढांसाठी ३१ बाय ४१ मिलिमीटरची, जगभर जवळजवळ एकाच स्वरूपात टिकली.

ह्या फिल्मची महती कमी लेखण्याचे कारण नाही. बारकाव्यांच्या बाबतीत ती उत्तम होती. पण ती एकच असे. दोन फिल्म असलेली पाकिटे मिळत, परंतु ती मागविणारे दंतवैद्य थोडे. फिल्म चिकित्सालयात ठेवली तर रुग्णाजवळ काही नाही, आणि रुग्णास दिली तर चिकित्सालयात काही नाही. हाताने धुतलेली फिल्म पुरेशी स्थिर केली नसेल किंवा पाण्याने नीट खळबळली नसेल, तर काही वर्षांत ती पिवळसर तपकिरी होते. पुण्याच्या पावसाळ्यात कागदाच्या पाकिटात एकमेकींना चिकटलेल्या फिल्म ज्यांनी सोडवून पाहिल्या असतील त्यांना अधिक सांगावयास नको. परदेशी निघालेला रुग्ण पासपोर्ट सांभाळी, फिल्म नव्हे.

१९८७ साली फ्रान्समध्ये फ्रान्सिस मुइयाँ ह्यांच्या कल्पनेतून दातांसाठीचे पहिले अंकीय, म्हणजे ज्यास आपण व्यवहारात डिजिटल म्हणतो ते, क्ष-किरणयंत्र बाजारात आले. फिल्मच्या जागी एक संवेदक तोंडात ठेवावयाचा. त्यावर पडलेल्या किरणांचे विद्युत्संकेत होऊन चित्र तत्काळ पडद्यावर उमटते. ‘आर.व्ही.जी.’ हे त्याचे आद्याक्षरी नाव आपल्याकडील दंतवैद्यांच्या बोलण्यात आजही रूढ आहे. पहिल्या संवेदकांची स्पष्टता फिल्मपेक्षा कमी होती. शिवाय प्रत्येक कारखानदाराची चित्र साठविण्याची रीत वेगळी असल्यामुळे एका यंत्राचे चित्र दुसऱ्यावर उघडेलच असा भरवसा नव्हता. केवळ अंकीय होण्याने चित्र प्रवासक्षम झाले नाही, हा मुद्दा यंत्रांच्या इतिहासात बहुधा दुर्लक्षिला जातो. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संस्था आणि विद्युत्‌यंत्रांच्या कारखानदारांची संघटना ह्यांनी १९८३ पासून एकत्र बसून जो संकेत ठरवीत आणला, तो १९९३ मध्ये ‘डायकॉम’ ह्या नावाने सिद्ध झाला, आणि पुढे तोंडातील चित्रांसाठीही त्यात स्वतंत्र तरतूद झाली. त्यानुसार चित्राबरोबरच रुग्णाचे नाव, दिनांक, यंत्राची माहिती आणि मोजमापाचे प्रमाण एकाच धारिकेत बांधलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या मते परदेशस्थ रुग्णाच्या दृष्टीने १९८७ पेक्षा १९९३ हे वर्ष अधिक महत्त्वाचे आहे. त्याला जलद चित्र नको होते. कोठेही उघडेल आणि वर्षांनंतरही तेच राहील असे चित्र हवे होते.

ह्या चित्रांच्या लाभांत किरणांची मात्रा कमी लागणे हे प्रायः पहिले सांगितले जाते. ते खोटे नाही. जुन्या मंद फिल्मच्या तुलनेने मात्रा निश्चितच घटते. पण प्रवासी रुग्णाच्या बाबतीत ह्या लाभाचे वजन तपासून घेतले पाहिजे. तोंडातील एका चित्राची मात्रा काही मायक्रोसिव्हर्ट एवढीच असते. निसर्गातून माणसास जगात सरासरीने वर्षाकाठी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट, मिळतात; आणि भारतातून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात उंचीवरील विश्वकिरणांमुळे प्रवाशास एका फेरीत काही दशक मायक्रोसिव्हर्ट सोसावे लागतात. जो मनुष्य दात दाखविण्यासाठी अर्धे जग ओलांडून येतो त्याच्यापुढे एका चित्राच्या मात्रेतील बचतीचे गोडवे गाणे थोडे गमतीचेच आहे. अनावश्यक चित्र घेऊ नये हा नियम अबाधितच आहे. आधीचे चित्र हाताशी असल्यामुळे तेच पुन्हा घ्यावे लागत नाही, ही बचत मात्र खरी.

मोठा लाभ तुलनेचा. एकट्या चित्रातील मुळाखालची काळसर छाया पाहून ती वाढते आहे की भरून येते आहे हे कोणताही दंतवैद्य सांगू शकत नाही. ती मागील वर्षीच्या चित्राशेजारी ठेवली की उत्तर बहुधा मिळते. मागील चित्र नसेल, तर परदेशातील नवा दंतवैद्य सावधपणे पुन्हा उपचार सुचवितो, आणि बऱ्या होऊ लागलेल्या दाढेचे मूळ पुन्हा उघडले जाण्याचा संभव राहतो. दुसरा लाभ पूर्वतयारीचा. चित्र आधी आले तर किती भेटी लागतील, रजेत काम उरकेल की नाही, दाढ वाचविण्याजोगी आहे किंवा नाही, ह्यांचा अंदाज तिकीट काढण्यापूर्वीच देता येतो.

येथे एका संकटाचा निर्देश केला पाहिजे. दातांना क्रमांक देण्याची पद्धत सर्व देशांत एक नाही. अमेरिकेत वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ ते ३२ अशी सलग मोजणी चालते. भारतात आणि इतर पुष्कळ देशांत आंतरराष्ट्रीय दंतसंघाची दोन अंकी पद्धत रूढ आहे. तीत पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश आणि दुसरा त्यातील दात दाखवितो. आता ‘१६’ हा आकडा घ्यावा. खराडीच्या दंतवैद्यास तो वरची उजवी पहिली मोठी दाढ सांगतो. अमेरिकेतील दंतवैद्यास वरची डावी अक्कलदाढ. एका अर्थाने ती जपावयाची दाढ, आणि दुसऱ्या अर्थाने सहसा काढून टाकावयाची. पत्रात केवळ ‘१६ काढावी’ एवढाच मजकूर असेल तर काय अनर्थ होईल हे सांगावयास नको. सोबत चित्र असेल तर हा घोटाळा तेथेच थांबतो, कारण मुळांची संख्या आणि आकार क्रमांकाच्या भाषेवर अवलंबून नसतात. मात्र चित्राचीही एक खोड आहे. जुन्या फिल्मच्या कोपऱ्यात एक उठावाचा ठिपका असे आणि त्यावरून उजवे-डावे ठरे. अंकीय चित्र मूळ धारिकेतून न पाठविता पडद्याचा फोटो काढून दूरध्वनीवरून धाडले, तर ते उलटे झाले आहे की नाही हे कळण्यास खूण उरत नाही. बारकावे पुसट होतात आणि मोजमापाचे प्रमाण गळते, हे वेगळेच. आज ‘चित्र पाठविले’ ह्याचा अर्थ बहुधा असा फोटो पाठविला एवढाच असतो. १९९३ च्या संकेताने जे मिळविले ते सोयीच्या नादात गमवावे, ही स्थिती चमत्कारिक खरी.

मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली आणि ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. मधल्या दोन वर्षांत विशेष उड्डाणे होती. पण केवळ दातासाठी येणे जवळजवळ अशक्य झाले होते. ज्याच्या जबड्यात कृत्रिम मूळ बसविलेले आणि वरचा दात पुढच्या भेटीवर सोपविलेला, त्याला हे काम परक्या देशातील परक्या दंतवैद्याकडून पुरे करून घेणे प्राप्त झाले. मूळ कोणत्या प्रकारचे, किती लांबीचे आणि कोणत्या दिशेने बसविलेले, हे शेवटच्या चित्रावरून आणि त्यासोबतच्या टिपणावरूनच कळणार. त्याच सुमारास, २५ मार्च २०२० रोजी, भारत सरकारने दूरवैद्यक-सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती आधुनिक वैद्यकाच्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होती आणि भारताबाहेरील सल्ल्याची तरतूद त्यांत नव्हती. चित्र सीमा ओलांडत होते. त्यावर दिलेल्या मताची कायदेशीर जागा मात्र निश्चित झाली नाही. दूरच्या मतास वैद्यकीय मर्यादाही आहेच. दात हलतो किंवा नाही, ठोकल्यावर दुखतो किंवा नाही, हिरडी किती सुटली आहे, हे चित्रात उमटत नाही.

चित्र कोणाजवळ असावे ह्याचे उत्तर मात्र ह्या इतिहासातून मिळते, आणि ते रुग्णाच्या बाजूचे आहे. चिकित्सालये बंद होतात, यंत्रे बदलतात, कारखानदार नाहीसे होतात. ज्या कुटुंबाने पुणे, लंडन आणि न्यू जर्सी येथील मूळ धारिका दिनांकवार एकत्र ठेवल्या आहेत, त्याच्याजवळ जेवढा सलग पुरावा असतो तेवढा कोणत्याही एका दंतवैद्याजवळ नसतो. त्यापूर्वीच्या काळाची स्थिती निराळी आहे. फिल्मवरील लेपात चांदी असते आणि ती काढून घेणारे व्यावसायिक जुन्या फिल्म वजनावर विकत घेतात. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी गेलेल्या मराठी माणसांच्या दातांची जी चित्रे येथील चिकित्सालयांत पडून होती, त्यांपैकी कित्येक भट्टीत गेली असणे संभवनीय आहे; उरली असतील ती त्या कुटुंबांच्या कपाटांत, लग्नपत्रिका आणि जुनी विमान-तिकिटे ह्यांच्या खाली शोधावी लागतील.