कैरोची दोन माणसं आणि गच्चीवरचं पॅनेल

आमच्या शाळेच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसले, तेव्हा मी नववीच्या मुलांना ते दाखवायला वर घेऊन गेलो. मी उर्दू-मराठीचा शिक्षक, विज्ञानाचा नाही. तरी मुलं मला प्रश्न विचारतात. एकाने विचारलं, "सर, हे सगळं दुसऱ्यांनीच शोधलं ना? यात आपल्या लोकांनी काय केलं?"

मी सवयीने म्हणालो, "इब्न अल-हैसम!"

"ते तर हजार वर्षांपूर्वीचे, सर. त्यानंतर?"

मी गप्प झालो. आपल्या सभांमध्ये, भाषणांमध्ये आपण हेच करतो. बगदाद आणि कुर्तुबाची नावं घेतो, टाळ्या मिळवतो आणि घरी जातो. त्या मुलाला खरं उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसलो.

इब्न अल-हैसम यांचा जन्म सुमारे 965 साली बसऱ्यात झाला. 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशशास्त्रावरचा ग्रंथ त्यांनी कैरोत लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात म्हणून आपल्याला दिसतं, असं त्यांच्या आधी अनेक ग्रीक विद्वान मानत. हैसम म्हणाले, तसं नाही. वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो. हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही. प्रकाश कसा चालतो ते पाहण्यासाठी त्यांनी एका छिद्रासमोर निरनिराळ्या जागी दिवे ठेवले. छिद्रापलीकडच्या अंधाऱ्या जागेत प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका उमटला. एक दिवा झाकला की फक्त त्याचाच ठिपका नाहीसा होई. म्हणजे प्रकाश सरळ रेषेत येतो आणि वाटेत एकमेकांत मिसळून जात नाही.

अशा पडताळणीसाठी त्यांनी अरबीत 'इतिबार' हा शब्द वापरला. उर्दूत तोच शब्द 'एतबार' झाला आणि त्याचा अर्थ झाला भरवसा. ही गोष्ट वाचली तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

पुढे त्या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपातल्या विद्वानांनी तो शतकानुशतकं अभ्यासला. 1839 मध्ये फ्रान्सच्या एदमों बेकेरेल या एकोणीस वर्षांच्या तरुणाला दिसलं की द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला की वीज निर्माण होते. 1905 मध्ये आइन्स्टाइन यांनी सांगितलं की प्रकाशाची ऊर्जा लहान लहान पुड्यांच्या रूपात येते आणि अशी एक पुडी पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला मोकळं करू शकते. अमेरिकेतल्या बेल लॅब्सने 25 एप्रिल 1954 रोजी सिलिकॉनचा सौर घट जगाला दाखवला. पडलेल्या उन्हापैकी सुमारे 6 टक्के ऊर्जेची तो वीज करायचा.

बाकीची ऊर्जा कुठे जात होती? बरीचशी उष्णतेत जायची. चकचकीत सिलिकॉनवरून बराच प्रकाश परत फिरायचा. आणि एक नुकसान डोळ्यांना न दिसणारं होतं. मी मुलांना ते असं सांगतो. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूला चार हात असतात. आतले अणू चारही बाजूंच्या शेजाऱ्यांचे हात धरून उभे असतात, पण पृष्ठभागावरच्या अणूंचे काही हात रिकामे राहतात. प्रकाशाने मोकळा केलेला इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या हातात अडकतो आणि तारेपर्यंत पोचतच नाही.

इथे त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मोहम्मद अताला. जन्म 1924, इजिप्तमधलं पोर्ट सईद. शिक्षण कैरो विद्यापीठात, मग अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात. 1949 मध्ये ते बेल लॅब्समध्ये रुजू झाले. सिलिकॉन तापवून त्यावर ऑक्साइडचा थर वाढवण्याचं काम तिथे फ्रॉश आणि डेरिक यांनी आधी केलं होतं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अताला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की असा पातळ, स्वच्छ थर पृष्ठभागावरचे बहुतेक रिकामे हात धरून ठेवतो. वाळूत जो पदार्थ असतो, तोच हा थर. त्याच पायावर अताला आणि कोरियातून आलेले डॉन कांग यांनी 1959 मध्ये मॉसफेट हा ट्रान्झिस्टर बनवला. आपल्या हातातला मोबाइल त्याच्यावरच चालतो.

अताला सौर घट बनवत नव्हते, हेही सांगायला हवं. पण 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौर घटाचा पृष्ठभाग अशाच थराने शांत केला आणि 1985 मध्ये 20 टक्क्यांची मर्यादा ओलांडली. परत फिरणारा प्रकाश अडवायला त्यांनी सिलिकॉनवर सूक्ष्म खाचा कोरल्या. आता पृष्ठभागावर बारीक पिरॅमिड कोरतात आणि वर प्रकाश कमी परतवणारा लेप देतात. पॅनेलचा गडद निळा रंग त्या लेपामुळेच असतो. केवळ सिलिकॉनच्या घटाला उन्हातून साधारण 30 टक्क्यांपर्यंतच वीज काढता येईल, हे शॉकली आणि क्वाइसर यांनी 1961 मध्येच गणिताने दाखवलं होतं. 6 पासून इथपर्यंतची वाट एकेका टक्क्याने चालावी लागली.

मग मी त्या मुलाला पुन्हा गच्चीवर नेलं आणि अताला यांची गोष्ट सांगितली. तो खूश झाला. म्हणाला, "म्हणजे आपलाही माणूस होता!"

मी म्हणालो, "होता. पण एक फ्रेंच पोरगा, एक जर्मन ज्यू, एक कोरियन आणि एक ऑस्ट्रेलियन यांच्याशिवाय तुझं पॅनेल पूर्ण होत नाही. आणि अताला आपले म्हणून मोठे नाहीत. त्यांनी थर चढवला, मोजला, पुन्हा चढवला, म्हणून मोठे आहेत."

आपण एतबार लक्षात ठेवला आणि इतिबार विसरलो. वडिलांच्या नावावर भरवसा ठेवला, पण त्यांचा दिवे झाकून पाहण्याचा कष्ट सोडला. त्या मुलाने पुढच्या आठवड्यात मल्टिमीटर मागितला. पॅनेलवर धूळ असताना आणि धुतल्यावर वीज किती बदलते, ते त्याला मोजायचं होतं. मी विज्ञानाच्या सरांकडून आणून दिला. इब्न अल-हैसम यांच्यावर मी आजवर केलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा मला हे काम जास्त मोलाचं वाटतं.