टिंट्सफील्ड : एका व्हिक्टोरियन प्रासादाचे स्थापत्य आणि स्वामित्व

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरानजीकचा टिंट्सफील्ड हा प्रासाद प्रथमदर्शनी एखाद्या मध्ययुगीन मठासारखा भासतो. प्रत्यक्षात तो रेल्वेयुगातील आहे, आणि तो ज्या संपत्तीवर उभा राहिला तिचा उगम समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेत आहे.

विल्यम गिब्ज (१७९०–१८७५) या व्यापाऱ्याने ही मालमत्ता १८४३ मध्ये विकत घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच्या व्यापारी पेढीने पेरू सरकारशी ‘ग्वानो’ या नैसर्गिक खताच्या विक्रीचा करार केला होता. चिंचा बेटांवर साचलेले हे खत ब्रिटनमधील शेतीसाठी मोठ्या प्रमाणावर आयात होऊ लागले. १८४९ नंतर तेथील उत्खननासाठी करारबद्ध चिनी मजूर आणण्यात आले. त्यांचे अतोनात हाल झाले. उत्खननाचा ठेका पेरूतील कंत्राटदारांकडे होता, गिब्ज पेढीकडे केवळ विक्री होती, असा युक्तिवाद करता येतो. मात्र नफ्याचा हिशेब करताना हा भेद फारसा टिकत नाही.

१८६३ पासून वास्तुविशारद जॉन नॉर्टन याने मूळच्या साध्या घराभोवती गॉथिक पुनरुज्जीवन शैलीत नवी वास्तू रचली. बाथ परिसरातील दगड, उतरत्या छपरांची तुटक क्षितिजरेषा, मनोरे आणि सज्जे यांमुळे नव्या संपत्तीला प्राचीनतेचे रूप लाभले. तथापि हा निव्वळ देखावा मानणे अन्यायाचे ठरेल. गिब्ज हा ऑक्सफर्ड चळवळीचा निष्ठावान अनुयायी होता. ऑक्सफर्ड येथील केबल महाविद्यालयाच्या प्रार्थनागृहाचा खर्चही त्यानेच उचलला. गॉथिक ही त्याच्या दृष्टीने श्रद्धेची शैली होती. आर्थर ब्लोमफील्डने १८७० च्या दशकात प्रासादाला जोडलेले, पॅरिसच्या सँत शापेलची आठवण करून देणारे प्रार्थनागृह हे त्याचेच द्योतक होय.

पुढे चार पिढ्या स्वामित्व एकाच घराण्यात राहिले. १९२८ मध्ये विल्यमच्या नातवास बॅरन रॅक्सॉल ही पदवी मिळाली. देखभालीचा भार मात्र वाढतच गेला. १९३५ मध्ये मुख्य मनोरा उतरवावा लागला. दुसरे बॅरन २००१ मध्ये अविवाहित अवस्थेत निवर्तले. मालमत्ता अनेक वारसांत विभागली जाणार असल्याने विक्री अटळ झाली. २००२ मध्ये नॅशनल ट्रस्टने लोकवर्गणी आणि राष्ट्रीय वारसा स्मृती निधीचे १ कोटी ७४ लाख पौंडांचे अनुदान यांच्या बळावर ती विकत घेतली. नंतरच्या नोंदणीत ५० हजारांहून अधिक वस्तू आढळल्या. दुरुस्ती पूर्ण होण्याची वाट न पाहता, त्याच वर्षी प्रासाद लोकांसाठी खुला करण्यात आला.