सार्वजनिक इमारतींचे सुरक्षा-निकष : ओक्लाहोमा सिटीचा धडा

दि. १९ एप्रिल १९९५ रोजी सकाळी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे आल्फ्रेड पी. मर्रा या संघराज्य शासनाच्या इमारतीसमोर उभ्या केलेल्या ट्रकमधील स्फोटकांचा स्फोट झाला. त्यात १६८ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १९ बालके होती व त्यांतील बहुतेक इमारतीतील पाळणाघरातील होती. रस्त्यापलीकडील संत जोसेफच्या जुन्या कॅथेड्रलचीही मोठी हानी झाली.

तोपर्यंत शासकीय इमारतींसाठी सर्वत्र लागू होतील असे किमान सुरक्षा-निकष तेथे नव्हते. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी पाहणीचा आदेश दिला आणि २८ जून १९९५ रोजी न्याय खात्याचा अहवाल तयार झाला. कर्मचाऱ्यांची संख्या, क्षेत्रफळ, जनतेची वर्दळ आणि कामाचे स्वरूप यांवरून इमारतींचे पाच स्तर ठरविण्यात आले व एकूण ५२ निकष मांडण्यात आले. वाहने उभी करण्यावर नियंत्रण, पुरेसा प्रकाश, प्रवेशद्वारी तपासणी, ओळखपत्रे, काचेचे तुकडे उडू नयेत म्हणून तिच्यावर संरक्षक पटल आणि आणीबाणीचा लेखी आराखडा हे त्यांतील प्रमुख होत. निकषांचा पाठपुरावा करण्यासाठी १९ ऑक्टोबर १९९५ रोजीच्या अध्यक्षीय आदेशाने आंतरखाते सुरक्षा समिती स्थापन झाली.

या निकषांमागील तत्त्व साधे आहे : उपाय धोक्याच्या प्रमाणात असावेत. लहान कार्यालयाचा किल्ला करू नये. तसेच जेथे माणसे व मुले एकत्र येतात, ती जागा केवळ दैवावरही सोडू नये. सार्वजनिक वास्तूचे दार लोकांसाठी उघडे राहावे, म्हणूनच ही दक्षता घ्यावयाची असते.